फाल्कन-९ : अवकाशात पोहोचवणाऱ्या सेवेचे ग्राहकाच्या बाजूने परीक्षण

उपग्रह कक्षेत सोडून देण्याचा दर पूर्वी बंद दाराआडच्या वाटाघाटीत ठरत असे आणि ग्राहकही बहुधा एखादे सरकार किंवा मोठी दूरसंचार कंपनीच असे. स्पेसएक्स कंपनीने फाल्कन-९ या प्रक्षेपकाचा दर संकेतस्थळावर उघडपणे लावला. २०२४ मध्ये एका संपूर्ण उड्डाणासाठी तो सुमारे ७ कोटी डॉलर होता. ज्या सेवेचा दर जाहीर आहे आणि जी आपल्या सरकारी कंपनीनेही विकत घेतली आहे, तिचे परीक्षण इतर कोणत्याही सेवेप्रमाणेच व्हायला हवे. दिलेल्या पैशात काय मिळते, वेळ पाळली जाते का आणि अडचणीच्या वेळी ग्राहकाचे ऐकले जाते का, हे प्रश्न इथेही लागू पडतात. खरेदीदार एखाद्या देशाचे संरक्षण खाते असेल, तर त्यांत आणखी काही प्रश्नांची भर पडते.

आपल्या खरेदीपासूनच सुरुवात करू. न्यूस्पेस इंडिया या आपल्या सरकारी कंपनीचा जीसॅट-एन२ हा दळणवळण उपग्रह १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार मध्यरात्र उलटताच, अमेरिकेतील केप कॅनव्हरलहून फाल्कन-९ ने उडाला. त्याचे वजन ४७०० किलो होते. आपला एलव्हीएम-३ प्रक्षेपक भूस्थिर कक्षेकडे नेणाऱ्या मार्गावर साधारण ४००० किलो नेतो, युरोपचा आरियान-५ आदल्या वर्षी निवृत्त झाला होता आणि युक्रेन युद्धामुळे रशियाचा पर्यायही उरला नव्हता. म्हणजे बाजारात वेळेवर मिळणारी गाडी ही एकच होती. तिने काम चोख केले आणि सुमारे ३४ मिनिटांत उपग्रह ठरलेल्या कक्षेत सुटला.

थेट प्रक्षेपण पाहणाऱ्याला या सेवेचे मर्म पहिल्या दहा मिनिटांतच कळते. सत्तर मीटर उंचीच्या प्रक्षेपकाच्या तळाशी केरोसीन आणि द्रवरूप प्राणवायूवर चालणारी नऊ मर्लिन इंजिने असतात. सुमारे अडीच मिनिटांनी पहिला टप्पा सुटतो, वळतो, टायटॅनियमच्या जाळीदार पंखांनी दिशा सांभाळत खाली येतो आणि समुद्रातल्या तरंगत्या फलाटावर चार पाय पसरून उभा राहतो. मागच्या उड्डाणांच्या काजळीने तो काळवंडलेला असतो आणि त्याच अवस्थेत पुढच्या ग्राहकाचा माल घेऊन पुन्हा उडतो. डिसेंबर २०१५ मध्ये हा टप्पा पहिल्यांदा जमिनीवर परतला आणि मार्च २०१७ मध्ये परतलेला टप्पा पहिल्यांदा पुन्हा वापरला गेला. आता त्यांतील एकाची उड्डाणे तिसाच्या पुढे गेली आहेत. दुसरा टप्पा मात्र दर वेळी नवाच लागतो. दर का उतरला आणि शून्याकडे का गेला नाही, या दोन्हींचे कारण इथेच सापडते.

लहान ग्राहकासाठी ‘ट्रान्सपोर्टर’ नावाची सामायिक फेरी आहे आणि माझ्या मते या दरपत्रकातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. जानेवारी २०२१ मधील पहिल्या फेरीत १४३ उपग्रह गेले आणि आपल्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाचा २०१७ मधील १०४ उपग्रहांचा विक्रम मोडला. त्या वेळी २०० किलोपर्यंतच्या उपग्रहाला १० लाख डॉलर पडत. नंतर दर वाढले आणि २०२४ मध्ये ५० किलोसाठी ३ लाख डॉलर आकारले जाऊ लागले. ही फेरी वडापसारखी भरण्याची वाट पाहत नाही, तर एस.टी.सारखी वेळापत्रकाने सुटते, आणि तुमचा उपग्रह तयार नसेल तर तुम्ही मागे राहता. बंगळुरूच्या पिक्सेल कंपनीचे पहिले तीन फायरफ्लाय उपग्रह आणि कक्षेतील लहान वस्तूंवर नजर ठेवणारा दिगंतराचा स्कॉट उपग्रह हे जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका फेरीने अमेरिकेतील व्हँडेनबर्गहून गेले. फेरी ज्या कक्षेत जाईल तिथेच प्रत्येकाला उतरावे लागते, ही या स्वस्ताईची किंमत आहे. विशिष्ट कक्षा हवी असेल तर जास्त पैसे मोजून स्वतंत्र छोटा प्रक्षेपकच घ्यावा लागतो.

संशोधनाला झालेला लाभ मोठा आहे. जुलै २०११ मध्ये स्पेस शटल थांबल्यानंतर अमेरिकेचे अंतराळवीर रशियाच्या सोयुझमधून जात होते, ते अवलंबित्व मे २०२० मध्ये फाल्कन-९ आणि स्पेसएक्सच्याच ड्रॅगन यानाने संपवले. १५ जानेवारी २०२५ रोजी तर एकाच फाल्कन-९ वर दोन खासगी कंपन्यांची चांद्रयाने एकत्र निघाली आणि त्यांतील फायरफ्लाय या अमेरिकी कंपनीचे ब्लू घोस्ट २ मार्चला चंद्रावर सुखरूप उतरले.

विश्वासार्हतेबाबत कौतुक करताना अपयशांकडेही नीट पाहायला हवे. जून २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे निघालेले यान उड्डाणातच नष्ट झाले, सप्टेंबर २०१६ मध्ये इंधन भरताना प्रक्षेपक तळावरच स्फोटात गेला आणि त्यासोबत ग्राहकाचा उपग्रहही गेला, तर जुलै २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्यात प्राणवायूची गळती होऊन उपग्रह अपुऱ्या उंचीवर सुटले. फाल्कन कुळाने २०२४ या एका वर्षात १३४ उड्डाणे केली, हे लक्षात घेता हे प्रमाण फार थोडे आहे. शिवाय त्यांतील बहुसंख्य उड्डाणे कंपनीच्या स्वतःच्या स्टारलिंक उपग्रहांची असल्यामुळे नवी सुधारणा आधी स्वतःच्या मालावर तपासली जाते, ही बाहेरच्या ग्राहकाच्या फायद्याची बाब आहे.

ग्राहकाचे ऐकले जाते का, या प्रश्नाचे उत्तर जून २०२५ मध्ये मिळाले. शुभांशू शुक्ला यांच्या अ‍ॅक्सिअम-४ मोहिमेआधी तळावर झालेल्या सात सेकंदांच्या चाचणीनंतर प्रक्षेपकात द्रवरूप प्राणवायूची गळती आढळली. इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पूर्ण दुरुस्त करण्याचा आग्रह धरला, उड्डाण पुढे ढकलले गेले आणि २५ जूनला ते निर्विघ्न पार पडले. प्रश्न विचारू शकणारा जाणकार ग्राहक पलीकडे असला की सेवा सुधारते, हे इथे दिसले. मला आपल्या शास्त्रज्ञांच्या त्या आग्रहाचा फार अभिमान वाटतो.

आता संरक्षणाकडे वळू, कारण सेवेचा खरा कस तिथे लागतो. अमेरिकेचे लष्करी उपग्रह दीर्घकाळ युनायटेड लाँच अलायन्स ही एकच कंपनी नेत असे आणि तिच्या अ‍ॅटलास-५ प्रक्षेपकाचे इंजिन रशियन होते. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, त्याच वर्षी स्पेसएक्सने या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकी वायुदलावर दावा लावला आणि मे २०१५ मध्ये फाल्कन-९ ला लष्करी कामासाठी प्रमाणपत्र मिळाले. मे २०१७ मध्ये पहिला हेर उपग्रह त्यावरून गेला. वेगाचा पुरावा डिसेंबर २०२४ मध्ये मिळाला. दुसऱ्या प्रक्षेपकासाठी ठरलेला एक जीपीएस उपग्रह फाल्कनवर हलवण्यात आला आणि ज्या तयारीला एरवी दोन वर्षांपर्यंत लागतात, ती पाच महिन्यांच्या आत आटोपली. युद्धात उपग्रह निकामी झाला तर त्याच्या जागी दुसरा किती लवकर बसवता येतो, याला आज मोठे महत्त्व आहे. म्हणूनच अमेरिका थोड्या, अवजड आणि महागड्या उपग्रहांऐवजी खालच्या कक्षेत शेकडो लहान उपग्रह पसरवू पाहते आहे. या जाळ्यातील पहिले २१ कार्यरत उपग्रह सप्टेंबर २०२५ मध्ये फाल्कन-९ नेच गेले. स्वस्त आणि वारंवार उड्डाणे मिळाली नसती तर हे धोरण कागदावरच राहिले असते.

तरीही लष्करी ग्राहकाला जाहीर दराने सेवा मिळते, असे समजू नये. एप्रिल २०२५ च्या वाटपात स्पेसएक्सला २८ उड्डाणांसाठी सुमारे ५९० कोटी डॉलर, जुन्या युनायटेड लाँच अलायन्सला १९ उड्डाणांसाठी सुमारे ५४० कोटी आणि ब्लू ओरिजिनला ७ उड्डाणांसाठी सुमारे २४० कोटी डॉलर मंजूर झाले. स्पेसएक्सची सरासरी उड्डाणामागे २१ कोटी डॉलर, म्हणजे जाहीर दराच्या तिप्पट येते. यात मोठ्या फाल्कन हेवीची उड्डाणे, खास हाताळणी आणि अतिरिक्त तपासण्या येतात, पण स्वस्त प्रक्षेपणाचे गोडवे गाताना हा आकडा सहसा कोणी सांगत नाही. सर्वांत स्वस्त कंपनीला सगळे काम न देता तिघांत वाटण्यासाठी अमेरिकेने जादा पैसे मोजले, ही गोष्ट मला त्या आकड्याहूनही महत्त्वाची वाटते.

या सावधगिरीचे कारण ५ जून २०२५ रोजी सगळ्या जगाने पाहिले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी झालेल्या जाहीर वादात स्पेसएक्सचे मालक इलॉन मस्क यांनी ड्रॅगन यान तत्काळ बंद करण्याची भाषा केली आणि काही तासांत ती मागे घेतली. अंतराळवीरांना स्थानकावर नेणारे अमेरिकेचे एकमेव नियमित वाहन एका माणसाच्या रागावर अवलंबून असू शकते, हे कोणत्याही संरक्षण खात्याला परवडणारे नाही.

दुसरी तक्रार कचऱ्याची आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये फाल्कन-९ चा दुसरा टप्पा अनियंत्रितपणे वातावरणात शिरला आणि त्याचे अवशेष पोलंडमध्ये पोझनानजवळ पडले. महाराष्ट्राला हा अनुभव दुसऱ्याच्या प्रक्षेपकाने दिलेला आहे. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे मोठे धातूचे कडे कोसळले आणि आसपासच्या भागांत धातूचे गोळे सापडले. ते चिनी लाँग मार्च प्रक्षेपकाचे असावेत, असे जाणकारांचे मत होते. कोणीही दगावले नाही. तरीही दुसरा टप्पा निर्मनुष्य समुद्रात उतरवण्याची अट प्रत्येक करारात असावी, असे लाडबोरीच्या गावकऱ्यांच्या बाजूने ठासून सांगावेसे वाटते.

भारतीय ग्राहकाने ही सेवा घ्यावी का? दूरसंचाराचा अवजड उपग्रह, खासगी कंपनीचा छोटा उपग्रह किंवा संशोधनाचे यान असेल तर बेलाशक घ्यावी. संरक्षणाच्या उपग्रहासाठी मात्र माझे उत्तर नकाराचे आहे. नौदलाचा जीसॅट-७ २०१३ मध्ये फ्रेंच गयानातून परक्या प्रक्षेपकाने गेला होता, पण त्याच कामासाठीचा ४४१० किलोचा सीएमएस-०३ इस्रोने २ नोव्हेंबर २०२५ रोजी एलव्हीएम-३ ची क्षमता ताणून श्रीहरिकोट्याहूनच पाठवला. देशाने मंजूर केलेल्या ५२ टेहळणी उपग्रहांसाठी अशी अनेक उड्डाणे लागतील आणि मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही-सी६१ तिसऱ्या टप्प्यात अपयशी ठरल्याने ईओएस-०९ हा रडार उपग्रह आपण गमावला आहे. विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिने घडतात आणि वालचंदनगरला प्रक्षेपकांची आवरणे बनतात. या कारखान्यांना अनेक वर्षांच्या मागणीची हमी आधी मिळायला हवी, कारण परतीची सोय नसलेल्या प्रक्षेपकाने बावन्न उपग्रह वेळेत चढवायचे असतील तर दर उड्डाणाला नवी इंजिने लागणार आहेत.