कालनिर्णयवर फुली की मोबाइलवर ॲप?

नौपाड्यातल्या आमच्या वहिनींना सकाळी तलावपाळीला चालायचंय आणि रात्रीचं मोबाइल चाळणं सोडायचंय. या सवयी रोज पाळल्या का, याचा हिशोब ॲपमध्ये ठेवू की भिंतीवरच्या कालनिर्णयवर फुल्या मारू, यावर गाडी अडलीय.

खर्चाचं म्हणाल तर कॅलेंडर घरात असतंच. ॲप फुकट मिळतं, पण चार सवयी झाल्या की बरीच ॲप्स पैसे मागतात.

टिकण्यात खरी गोम आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २००९ सालच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणासाठी अंदाज थेट २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. बरीच ॲप्स मात्र एक खाडा झाला की सलग दिवसांची साखळी शून्यावर आणतात, आणि माणूस वैतागून सगळंच सोडतो. (मी सोडलंय.) कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्याशेजारी आपलाही एक, बस्स.

ॲप आठवण करतं, हे कॅलेंडरला जमत नाही. पण रात्री अकराला टिक करायला फोन उचलला की अर्धा तास रील्समध्ये गेलाच!

शिफ्ट बदलत असेल, दिवसातून तीनदा गोळ्या घ्यायच्या असतील, तर ॲप घ्या. वहिनींनी मात्र पेन सुतळीने खिळ्याला बांधावं आणि फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा.