मेटल डिटेक्टर अपग्रेड करायच्या नादात ३८,५०० गेले, घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

लई दिवस लिहू का नको लिहू चाललं होतं, पण परवा जिंतूरकडच्या एका भावाचा फोन आला की मला नकली मशीन विकणाऱ्या त्याच माणसाला तो पण टोकन देऊन बसलाय, मग म्हणलं आता गप बसण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडं साधं सात-आठ हजाराचं काट्याचं, म्हणजे सुईच्या मीटरचं, धातू शोधायचं मशीन आहे आणि आता जरा मोठं घ्यावं असं ज्यांच्या डोक्यात घोळायलंय त्यांच्यासाठी हे खास लिहायलोय. माझे एकूण ३८,५०० गेले, ३४,००० मशीनचे आणि ४,५०० त्याच्यानंतरचे, ते कसे गेले तेही सांगतो.

मी सेलू तालुक्यातला, घरची शेती आहे. हा छंद कसा लागला तर दोन वर्षांमागं दिवाळीनंतर कापूस वेचताना वहिनीचं कानातलं सोन्याचं फूल पडलं. आठ बायकांनी दोन दिवस कापसाची एकेक ओळ धुंडाळली, नाही भेटलं. वहिनी जेवायला तयार नाही. मग मी ऑनलाइन एक स्वस्तातलं मशीन मागवलं, त्याला वर सुईचा मीटर असतो तसलं, आणि तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर जिथं बायका ओटी मोकळी करतात तिथं इंचभर मातीत ते फूल निघालं. तेव्हापासून गावात कुणाचं काही हरवलं की मला फोन. रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, जमिनीत गाडला गेलेला पाइपलाइनचा कॉक, कडब्यातले तार-खिळे (हे लई महत्त्वाचं, खिळा पोटात गेला की गाय हातची जाते), जोडवी, एकदा तर एका आजीची पुतळी. पैसे घेत नाही, चहा घेतो. ह्या कामाचं समाधान मला दुसऱ्या कशातच भेटलेलं नाही, म्हणून तर चांगलं मशीन पाहिजे होतं.

कारण काट्याच्या मशीनची मर्यादा लवकर कळते. आपल्या काळ्या मातीत सुई एका जागी थांबतच नाही, अन् नाणं तीन-चार इंचाच्या खाली असलं की संपलं. मग मी वाचायला लागलो, व्हिडिओ बघायला लागलो, आणि थोडंफार कळायला लागलं की फ्रीक्वेन्सी म्हणजे काय (मशीन सेकंदाला किती लहरी सोडतं ते, किलोहर्ट्झमध्ये मोजतात), पाच-सहा किलोहर्ट्झला मोठी तांब्या-चांदीची वस्तू बरी सापडते, बारीक सोन्याला पंधरा-वीस किंवा त्याच्या वर लागते, मल्टी फ्रीक्वेन्सी असली तर दोन्ही जमतं, आणि आपल्याकडं सगळ्यात गरजेचं म्हणजे ग्राउंड बॅलन्स. हे जरा समजून घ्या. आपली माती बसाल्टचा खडक झिजून झालेली, तिच्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. लहानपणी फुटक्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून ओढ्याच्या वाळूतून ओढायचो अन् कागदावर तो काळा कीस नाचवायचो ना, तोच हा. मशीन जमिनीत चुंबकीय लहर सोडतं आणि धातूकडून परत येणारा सिग्नल ओळखतं, पण मातीच स्वतः सिग्नल द्यायली तर नाणं त्यात बुडून जातं. मातीचा तो आवाज वजा करायची सोय म्हणजे ग्राउंड बॅलन्स. एवढं मला माहीत होतं आणि तरी फसलो, कारण माहीत असणं वेगळं अन् घेताना तपासून बघणं वेगळं.

तर मोबाईलवर एक व्हिडिओ आला. खड्ड्यातून हंडा निघतोय, खाली नंबर. फोन लावला तर माणूस एकदम गोड, 'सर' शिवाय बोलत नाही. पहिल्यांदा त्यानं मला दोन अँटेनावाली पिस्तुलासारखी वस्तू दाखवली, लाँग रेंज म्हणे, एक किलोमीटरवरून सोन्याची दिशा दाखवते. ती मी तिथंच नाकारली. ह्या प्रकारानं तर सरकारंसुद्धा फसलीत, इराकमध्ये बॉम्ब शोधायला एडीई ६५१ नावाची असलीच अँटेनावाली यंत्रं विकली होती, आत काही चालणारं सर्किटच नव्हतं, विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये इंग्लंडच्या कोर्टानं दहा वर्षं दिली. हे मी त्याला फोनवर सांगितलं सुद्धा. तर तो म्हणाला, "सर तुम्ही जाणकार आहात, तुम्हाला मी खरं प्रोफेशनल मशीन देतो." आता लक्षात येतंय की तिथंच मी गळाला लागलो, जाणकार म्हणलं की माणूस ढिला पडतो.

मशीन एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या नावाची नक्कल होती. खरं मशीन त्यानं सांगितलेल्या किमतीच्या दुपटीला जातं. हा म्हणे कंटेनरमधून डायरेक्ट आलाय, दोनच पीस राहिलेत, एक नांदेडच्या डॉक्टर साहेबांनी बुक केलाय. आणि वरून सारखं तेच, "सर तुमच्या मराठवाड्यात तर पाऊल ठेवलं की माल आहे, रझाकाराच्या वेळी लोक पुरून पळाले, परत आलेच नाहीत." एकदा तर म्हणाला सोबत एक महाराज पण येतील, जागा दाखवायला. मी म्हणलं मला गुप्तधन नको, मला लोकांची हरवलेली वस्तू शोधायचीय. पण महाराजाचं नाव निघालं तेव्हाच फोन ठेवून द्यायला पाहिजे होता.

टोकन ५,००० यूपीआयनं पाठवलं आणि बाकी घेऊन संभाजीनगरला गेलो, स्टँडजवळच्या एका लॉजवर. डेमो असा झाला: लाकडी पलंग, निळ्या फुलांची चादर, त्यानं स्वतःच्या बॅगेतून तांब्याचा गडू काढला, गादीखाली ठेवला, गादीवर उशी, उशीवर रजई, आणि मशीन फिरवलं. टुंग. एकदम स्वच्छ आवाज, स्क्रीनवर नंबर (कुठला धातू असावा त्याचा अंदाज देणारा), फूट-दीड फूट अंतर असेल. मला वाटलं बाप रे. पण गादीत काय मॅग्नेटाइट असतं का? गादीतून, लाकडातून, हवेतून कुठलंही मशीन वाजतं, माझं जुनं काट्याचं सुद्धा वाजलं असतं. आणि गडू किती मोठा, अन् बोटातली अंगठी किती! मोठी वस्तू खोलवर सापडतेच. मी खिशातलं एक नाणं काढून ठेवलं असतं, लॉजच्या मागच्या मातीत पाच मिनिटं फिरवलं असतं तर ३४,००० वाचले असते. त्यानं घाईच एवढी केली, बस आहे, दुसरं गिऱ्हाईक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोयाबीन निघालेल्या रानात गेलो. चालू केलं अन् जे कोकलायला लागलं ते थांबेचना. ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून कॉइल, म्हणजे मशीनच्या खालची चकती, वर-खाली केली, पुस्तिकेत लिहिलं होतं तसं, दहा वेळा केली, काही फरक नाही. मग दहाचं नाणं घेतलं, वखरलेल्या जागेत स्केलनं मोजून आधी तीन इंच, मग पाच, मग आठ इंचावर पुरलं. तीन इंचाला वाजलं. पाचला कधी वाजायचं कधी नाही. आठला काहीच नाही. त्याच खड्ड्यावर जुनं मशीन आणून फिरवलं, तर जवळपास तेच. आबा धुऱ्यावर बसून बघत होते, म्हणाले, "काय करायलास रं सकाळधरनं एकाच खड्ड्याला?" मला उत्तर देता आलं नाही. आणि स्क्रीनवर 'गोल्ड' यायचं ते वेगळंच, 'गोल्ड' म्हणून अकरा जागी उकरलं, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं निघाली अन् बाटल्यांची बुचं. हे मात्र खऱ्या मशीनला पण होतं हां, ॲल्युमिनियमची चमकी आणि सोन्याची अंगठी जवळपास एकाच नंबरवर येतात. म्हणून जो कुणी सांगेल की आमचं मशीन फक्त सोनंच दाखवतं, तो खोटं बोलतोय, पुढं बोलूच नका.

त्याला फोन केला. तो म्हणे सर भारतातल्या मातीसाठी सॉफ्टवेअर टाकावं लागतं, ४,५०० पाठवा, मी लिंक देतो. आणि मी पाठवले. ३४,००० अडकलेत म्हणून माणूस अजून ४,५०० घालतो, ह्यालाच ते लोक टपलेले असतात. लिंक आली नाही, नंबर बंद.

मग सेलूत मोबाईल रिपेअरवाल्या मित्राकडं नेलं. स्क्रू काढले, वरचं स्टिकर नखानं उचकटलं तर खाली दुसऱ्याच मॉडेलचं नाव छापलेलं. कॉइलची वायर जिथं आत जाते तिथं गरम गोंदाचा गोळा, आणि ह्याला वॉटरप्रूफ म्हणून विकलेलं. ग्राउंड बॅलन्सच्या बटणाच्या दोन वायरी मित्रानं चिमट्यानं उचलल्या, दोन्ही मोकळ्या. कशालाच जोडलेल्या नाहीत. ते बटण मी रानात किती वेळा दाबलं होतं! सिरीयल नंबर मूळ कंपनीला मेल केला, दोन दिवसात उत्तर आलं की असा नंबर आम्ही काढलेलाच नाही. हा मेल पैसे द्यायच्या आधी करता आला असता. बिल काढून बघितलं तर जीएसटी नंबर चौदाच अक्षरांचा, तो पंधराचा असतो, आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ नं सुरू होतो, ह्याचा पत्ता पुण्याचा आणि सुरुवात ०७. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नाव-गाव फुकटात दिसतं.

तक्रार करायला मला अकरा दिवस लागले, आणि त्याचं कारण लाज. लोक म्हणतील ह्याला गुप्तधन काढायचं होतं. ठाण्यात पहिला प्रश्न तोच आला, "कशाला घेतलं होतं मशीन?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, आपल्याकडं ह्या नादात लई वाईट गोष्टी झाल्यात, अघोरी प्रकारांवर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो उगाच नाही. मी वहिनीच्या फुलाचे, कॉकचे, खिळ्यांचे फोटो दाखवले, सगळं सांगितलं, तक्रार घेतली. पण विकणाऱ्याचा सगळा भरवसा ह्याच लाजेवर असतो, गिऱ्हाईक बोंबलणार नाही ह्यावर. तुम्ही स्वच्छ असाल तर लाजू नका. आणि स्वच्छ राहा: १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून चालू आहे, जमिनीत दडवलेली दहा रुपयांच्या वरची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, आपल्या भागात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं, त्या राज्याची हाली शिक्क्याची नाणी निघू शकतात, ती गुपचूप विकायची नसतात. आणि दौलताबाद, तेर, पैठण असल्या ठिकाणी संरक्षित जागेत परवानगीशिवाय उकरणं हा सरळ गुन्हा आहे.

पैसे यूपीआयनं गेले असतील तर त्याच तासात १९३० ला फोन करा, पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं. माझ्या अकरा दिवसात ते कुठल्या कुठं गेले. दुकान खरं असेल पण मशीन खोटं दिलं असेल तर १९१५ ची ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

मशीन घ्यायचंच असेल तर माझं ऐका, खोलीचा आकडा विचारूच नका. नाण्याएवढ्या वस्तूला साधारण कॉइलच्या रुंदीएवढी खोली भेटली तरी चांगलं मशीन समजा, मीटरच्या गप्पा करणारा गडू ठेवून दाखवतोय. ग्राउंड बॅलन्स हातानं करता येतं का, ते करून दाखव म्हणा, तुमच्या रानात, तुमच्या नाण्यावर, खड्डा तुम्ही खांदायचा, अन् नाणं पुरून वरनं बूट फिरवून माती दाबायची. येत नाही म्हणला तर घेऊ नका. आणि नवीन माणसानं मोठ्या मशीनच्या आधी एक पिनपॉइंटर घ्यावा असं माझं मत आहे, हाताएवढं असतं, ढेकळात वस्तू नेमकी कुठंय ते दाखवतं. मी आता तोच घेतलाय, बिलासकट, जुन्या काट्याच्या मशीनबरोबर चालवतो. मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंचं जोडवं उकिरड्यातनं काढून दिलं.

जिंतूरच्या भावानं त्याला आलेला व्हिडिओ मला पाठवला. नंबर नवीन, नाव नवीन, कंपनीचं नाव पण दुसरंच. पण पलंगावर तीच निळ्या फुलांची चादर आणि तोच तांब्याचा गडू, काठाला डाव्या बाजूनं पोचा आलेला.