“मशीनचं नाव काय?”: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर ते शोधायचे रस्ते

फोन येतो तो ऑफिस उघडल्या उघडल्या. “सर, टॅली चालू होत नाहीये, सर्व्हर सापडत नाही म्हणतंय.” मी विचारतो, “डेटा ज्या मशीनवर आहे त्याचं नाव काय?” पलीकडे जरा शांतता, मग ठाम उत्तर: “डेल.”

यात त्यांची चूक नाही. नेटवर्कवर मशीन ज्या नावानं ओळखलं जातं ते डब्यावर कुठेच छापलेलं नसतं, आणि कुठे बघायचं हे विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे वेगळं. त्यात ऑफिसं आता सरमिसळ झालीत: चार विंडोज, मालकांचा मॅक, कोपऱ्यात बॅकअपला ठेवलेली लिनक्सची छोटी पेटी. तुमच्याकडे असंच काही असेल आणि सगळ्यांची नावं एकदाची वहीत उतरवायची असतील, तर कुठल्या रस्त्यानं जावं याचा हा हिशेब. कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

आधी तिन्हीकडे चालणारा रस्ता. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट, मॅक-लिनक्सवर टर्मिनल (म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, ‘होस्टनेम’ हा शब्द सलग टाइप करा आणि एंटर मारा. खालच्या ओळीत नाव येतं. फोनवरून सांगायला याच्याइतकं सोपं काही नाही, कारण सेटिंग्जची पानं दर काही आवृत्त्यांनी जागा बदलतात आणि हा शब्द जिथल्या तिथे राहतो. अडचण एकच, तीही खास आपली: कीबोर्ड मराठीवर राहून गेलेला असतो. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळा दाबल्या की ‘पदेूलोसा’ असं काहीतरी उमटतं, नाहीतर नुसते चौकोन. विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. हे मी आता आधीच सांगून टाकतो.

विंडोजवर माउसनं जायचं तर सेटिंग्ज, सिस्टिम, आणि यादीत अगदी तळाशी अबाउट. तिथे ‘डिव्हाइस नेम’ म्हणून लिहिलेलं असतं. विंडोज आणि पॉझ या दोन कळांनी हेच पान थेट उघडतं, पण बऱ्याच लॅपटॉपना पॉझची कळच नसते. नवं मशीन स्वतःचं बारसं स्वतःच उरकतं: ‘डेस्कटॉप’, मग आडवी रेघ, मग सात विस्कळीत अक्षरं-आकडे. इंग्रजीत मोजा, बरोबर 15 भरतात. नेटबायॉस या मशीनला नावानं ओळखायच्या जुन्या पद्धतीत नावाला 16 जागा असतात, त्यातली शेवटची सेवेचा प्रकार सांगायला राखीव, म्हणून उरतात 15. तुम्ही हौसेनं लांबलचक नाव दिलंत तर ‘होस्टनेम’ ते पूर्ण दाखवतं. पण ‘इको’ लिहून पुढे टक्क्यांच्या दोन चिन्हांमध्ये ‘कॉम्प्युटरनेम’ टाकलंत तर 15 अक्षरांवर कापलेलं, सगळं कॅपिटल नाव हातात पडतं. मशीन एक, उत्तरं दोन. म्हणून नाव 15 च्या आतच ठेवावं. आणि बदललंत तर रीस्टार्ट होईपर्यंत जुनंच नाव चालू असतं. “सर, नाव बदललं पण बदललं नाही,” या तक्रारीमागे बहुतेक वेळा एवढंच निघतं.

मॅकवर मात्र ‘होस्टनेम’वर विसंबू नका. इथे एका मशीनला तीन नावं असतात. पत्रिकेतलं एक, हाक मारायचं दुसरं आणि रेशनकार्डावर तिसरं, तसं. पहिलं कॉम्प्युटर नेम: माणसांसाठी, यात मोकळ्या जागा चालतात. दुसरं लोकल होस्टनेम: पहिल्यावरूनच बनतं, जागांच्या ठिकाणी आडव्या रेघा येतात आणि शेवटी ‘डॉट लोकल’ लागतं. घरातली-ऑफिसातली बाकीची मशीन मॅकला शोधतात ती याच नावानं. तिसरं होस्टनेम, आणि गोम इथेच आहे. बऱ्याच मॅकवर ते ठरवलेलंच नसतं, मग नेटवर्ककडून जे मिळेल ते उचललं जातं. त्यामुळे टर्मिनलमध्ये घरी एक नाव दिसतं आणि ऑफिसच्या वायफायवर भलतंच. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कुणीतरी मॅकमध्ये घुसलंय असं वाटून मी अर्धा तास घाम गाळला होता.

तिन्ही नावं कमांडनं वेगवेगळी विचारता येतात (‘एससीयूटिल’, जागा, दोन आडव्या रेघा आणि लगेच ‘गेट’, जागा, मग नावाचा प्रकार, त्यातली कॅपिटल अक्षरं जशीच्या तशी), पण हे फोनवरून कुणाकडून करून घ्यायच्या भानगडीत मी पडत नाही. मॅकवर माउसचाच रस्ता बरा: सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग, आणि पानाच्या तळाशी लोकल होस्टनेम. मॅकवर 2022 च्या व्हेंच्युरा या आवृत्तीच्या आधीची प्रणाली असेल तर सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये शेअरिंग, तिथे नाव वरच दिसतं. वहीत ‘डॉट लोकल’वालं नाव उतरवा. एकाच नावाचे दोन मॅक नेटवर्कवर आले तर एकाच्या नावामागे आपोआप 2 लागतो, तेव्हा अधूनमधून तपासलेलं बरं.

लिनक्सवर बहुधा शोधावंच लागत नाही. टर्मिनल उघडलं की डोळ्यासमोर वापरणाऱ्याचं नाव, मग ‘ॲट’चं चिन्ह, आणि त्यापुढे मशीनचं नाव. खात्री करायची तर ‘होस्टनेमसीटीएल’. यातही स्टॅटिक, ट्रान्झियंट आणि प्रिटी असे तीन प्रकार आहेत, पण मॅकसारखा गोंधळ होत नाही, कारण कुठलं काय ते समोर लिहिलेलं असतं. स्टॅटिक नाव हे खरं. ते ‘होस्टनेम’ याच नावाच्या फाइलमध्ये ‘ईटीसी’ फोल्डरात असतं. प्रिटी हे नुसतं मिरवायला, त्यात देवनागरीही चालते. माझ्या पेटीचं प्रिटी नाव ‘मागच्या खोलीतला बॅकअप’ आहे. काही अगदी हलक्या लिनक्सवर ‘होस्टनेम’ ही कमांडच नसते. तिथे ‘यूनेम’, जागा, आडवी रेघ, ‘एन’. रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर कुणी नाव बदललं नसेल तर शोधायची गरजच नाही, ते ‘रास्पबेरीपाय’च असतं. दोन पाय घेतलेत की मग मजा.

मशीन दुसऱ्या खोलीत बंद दाराआड असेल तर? विंडोजवरून ‘पिंग’, जागा, आडवी रेघ, ‘ए’, जागा आणि त्या मशीनचा आयपी पत्ता. नशीब असेल तर पहिल्याच ओळीत नाव येतं. यापेक्षा राउटरच्या पानावरची जोडलेल्या उपकरणांची यादी मला जास्त भरवशाची वाटते. तिथे विंडोज, मॅक, लिनक्स आणि कुणाकुणाचे फोन, सगळे एकाच पंगतीत बसलेले दिसतात.

ही यादी राउटरला कळते कशी? नेटवर्कला जोडून घेताना बहुतेक मशीन पत्ता मागतात तेव्हा आपलं नाव स्वतःच सांगून टाकतात. ऑफिसात ते सोयीचं. पण मॅकला सुरुवातीला मालकाचंच नाव मिळतं, आणि ते स्टेशनवरच्या फुकट वायफायलाही तितक्याच मोकळेपणी सांगितलं जातं. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी 2017 च्या आरएफसी 8117 मध्ये ही सवय घातक असल्याचं शीर्षकातच म्हटलंय. बाहेर फिरणाऱ्या लॅपटॉपला म्हणून आडनाव देऊ नये.

तर निवड अशी. फोनवरून दुसऱ्याला सांगायचं असेल आणि मशीन विंडोज किंवा लिनक्स असेल तर ‘होस्टनेम’, बाकी काही नाही. मॅक असेल तर शेअरिंगचं पान. लिनक्सवर नाव बदलायचंही असेल तर ‘होस्टनेमसीटीएल’नंच बदला आणि ‘होस्ट्स’ फाइलमधलं जुनं नावही सुधारा, नाहीतर पुढे प्रत्येक ‘सुडो’ला (ॲडमिनच्या हक्कानं कमांड चालवायचा शब्द) मशीन स्वतःलाच ओळखत नाही अशी कुरकुर ऐकावी लागते. मशीन वीसेक असतील आणि प्रत्येकापाशी जायला वेळ नसेल तर आधी राउटरची यादी, मग जिथे शंका येईल तिथे प्रत्यक्ष.

नाव सापडलं की कागदाच्या पट्टीवर लिहून मशीनवर चिकटवा. सीपीयूच्या डब्यावर, मॉनिटरवर नको; मॉनिटरांची अदलाबदल होते आणि मग पुन्हा साडेदहाला फोन.