ऑटोमॅटिक गिअरचे झटके: ऑइल आणि माउंट बदलून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

मी खानापुरात राहतो. आईच्या मणक्याचा त्रास आहे, आठवड्यातनं दोनदा तिला बेळगावला न्यावं लागतं, तिला क्लच-गिअरचे हिसके नकोत म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक घेतली. डिझेल, सेकंडहँड, ६ स्पीड टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलच्या जोरावर गिअरबॉक्सला देणारी), घेतली तेव्हा ८४,००० किमी झालेली. आणि चार महिन्यात नेमके झटकेच सुरू झाले बघा.

सकाळी गाडी थंड असताना एकदम लोण्यासारखी. वीसेक मिनिटं चालली की दुसऱ्यातनं तिसऱ्यात जाताना मागनं कोणीतरी ढकलल्यासारखा धक्का. एकदा गोव्याहून चोर्ला घाट चढून येत होतो, तिथं तर प्रत्येक वळणाला दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा, आणि आई मागच्या सीटवर दोन्ही हातांनी पुढची सीट धरून "हळू मार की रे गाडी" म्हणत होती. मी हळूच मारत होतो. त्याशिवाय लिव्हर पार्किंगमधनं ड्राइव्हला टाकला की खालनं धाडकन आवाज यायचा तो वेगळाच.

पहिल्या वर्कशॉपमध्ये थंड गाडी पाच मिनिटं फिरवली आणि सांगितलं गिअरबॉक्स गेला, १ लाख ८० हजार. स्कॅनर लावला नाही, ऑइल बघितलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढे पैसे आणायचे कुठनं.

मग उद्यमबागेतल्या एका मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी गाडी हातातच घेतली नाही, झटका कधी बसतो, थंड की गरम, कुठल्या गिअरला, रिव्हर्सला पण बसतो काय, हे सगळं विचारलं आणि म्हणाले "ह्या दोन तक्रारी वेगळ्या असतील, गिअरबॉक्स खोलायचा नाही एवढ्यात." बॉनेट उघडून मला ब्रेक दाबून धरायला लावला, ड्राइव्ह, रिव्हर्स, ड्राइव्ह. इंजिन एका बाजूनं चांगलं उचलून आपटत होतं. माउंटचं, म्हणजे इंजिन ज्या आधारावर बसतं त्याचं, रबर फाटलेलं. धाडकन आवाज त्याचा होता, गिअरबॉक्सचा काही संबंध नाही.

दुसरी तक्रार बघायला स्कॅनर लावून काकतीच्या पुढं हायवेला, वंटमुरी घाटापर्यंत जाऊन आलो. ऑइलचं टेंपरेचर चढलं तसा झटका आला, पण सोलेनॉइडचा (ऑइलचं प्रेशर सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) किंवा कसलाच फॉल्ट कोड नाही. परत येऊन ड्रेन प्लग खोलला. ऑइल लाल असायला पाहिजे, हे काळपट चहासारखं, करपल्याचा हलका वास. मेस्त्रींनी प्लगच्या मॅग्नेटवरचा करडा चिखल माझ्या बोटांवर चोळला, मऊ लागला, काजळासारखा. म्हणाले एवढी झीज चालते, बोटाला खरखर लागली असती, लोखंडाचे कण चमकले असते तर मग खोलावंच लागलं असतं. ऑइल जुनं झालं की त्यातला घर्षण सांभाळणारा गुण जातो, गरम झालं की आणखी पातळ पडतं, प्रेशर नीट धरत नाही आणि गिअरबॉक्सच्या आतला क्लच हळू पकडायच्या जागी एकदम पकडतो, तोच धक्का.

गाडीच्या पुस्तकात लाइफटाइम ऑइल लिहिलंय म्हणून आधीच्या मालकानं कधी बदललंच नसणार. पण झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी ८०,००० ते १,२०,००० किमीला किंवा ८ वर्षांत ऑइल बदला म्हणते, मग लाइफटाइम म्हणजे कुणाचा लाइफटाइम?

ड्रेन केलं की सगळं ऑइल निघत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बरंच अडकून राहतं. आमचं साडेतीन लिटर निघालं, तेवढंच पुस्तकातल्या स्पेसिफिकेशनचं भरलं, आणि १,००० किमीनंतर परत तसंच. मशीननं प्रेशर फ्लश मी नकोच म्हटलं, इतकी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सची घाण हलवायला मला भीती वाटली. लेव्हल बघायची पद्धत मात्र लक्षात ठेवा: गाडी लिफ्टवर सपाट, इंजिन चालू, सगळ्या गिअरमधनं लिव्हर फिरवायचा आणि ऑइल कंपनीनं दिलेल्या टेंपरेचरला आल्यावरच चेक प्लग खोलायचा. मी घाई करत होतो तर हेल्पर पोरगा म्हणाला "स्वल्प तडीरी," म्हणजे कन्नडमध्ये जरा थांबा. प्लगमधनं येणारी जास्तीच्या ऑइलची धार बारीक होऊन थेंब-थेंब पडायला लागल्यावर प्लग बंद. शेवटी स्कॅनरनं जुनं अ‍ॅडॅप्टेशन पुसलं, कारण गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर जुन्या ऑइलला शिकलेल्या सवयीनंच प्रेशर देत राहतो. पहिले दोन-तीन दिवस गिअर जरा गोंधळल्यासारखे पडले, अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून चालवली, मग बसलं.

माउंट, दोनदा ऑइल आणि मजुरी धरून १९ हजारात काम झालं.

आता आठ महिने, ११,००० किमी. दोन-तीनचा धक्का पूर्ण गेला, धाडकन आवाज नाही. थंडीत सकाळी पहिल्यातनं दुसऱ्यात जाताना किंचित जाणवतं, आणि खडेबाजारच्या गर्दीत थांबत-थांबत चाललो की थांबायच्या आधी एक बारीक हिसका येतो. मेस्त्री म्हणतात वाढला तर व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समध्ये ऑइल वाटून देणारा भाग) बघू, सध्या हात लावू नका.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीचं आहे. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच-गिअर मशीन चालवतं ती) असेल तर गिअर बदलताना थोडा झटका असतोच, तिथं क्लच बघायचा. सीव्हीटीत (पायऱ्यापायऱ्यांचे गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) तर हे ऑइल चुकून पण घालू नका, त्याचं वेगळं असतंय.

गेल्या महिन्यात जांबोटी, कणकुंबी करत साखळीला जाऊन आलो. येताना तोच घाट, आणि वर चढेपर्यंत आई मागं झोपली होती.