तोरिगा नासिओनाल की बागा? पिशवीत एकच जागा उरली असेल तर

पोर्तुगालहून भारतात परतताना एका प्रवाशाला 2 लिटर मद्य करमुक्त आणता येतं. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी बसत नाही. त्यातली एक घरच्यांसाठी पोर्तची, म्हणजे तिथल्या गोड, जड वाइनची, असणार हे आधीच ठरलेलं असतं, म्हणजे स्वतःसाठी उरते एक. लिस्बनच्या दुकानात तांबड्या वाइनच्या फळीसमोर उभं राहून कुणीतरी व्हॉट्सअॅपवर दोन फोटो पाठवतं आणि विचारतं, 'यातली कुठली घेऊ?' बहुतेक वेळा एका लेबलवर 'तोरिगा नासिओनाल' असतं आणि दुसऱ्यावर 'बागा'. दोन्ही पोर्तुगालमधल्या काळ्या द्राक्षांचे वाण. हा लेख त्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर आहे.

आधी एक खुलासा. या बागाचा गोव्याच्या बागा किनाऱ्याशी काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्ये 'बागा' म्हणजे बोरासारखं छोटं फळ, आणि या वाणाचे मणी खरोखरच बारीक असतात.

तोरिगा मूळची दांव प्रांतातली मानली जाते. (उच्चारासाठी आपला 'पाव' आठवा. तो ज्या पोर्तुगीज शब्दावरून आला, त्याचंच हे यमक.) तिथे तोरिगो नावाचं गावही आहे. चारी बाजूंनी डोंगर, ग्रॅनाइटची जमीन, उंचावरचे मळे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा ही मुळं खाणारी कीड येईपर्यंत दांवमध्ये याच वाणाचं राज्य होतं. नंतर खुंटावर कलमं करून मळे नव्याने उभे राहिले, तेव्हा शेतकऱ्यांनी तोरिगाकडे पाठ फिरवली. कारण नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला लगेच पटेल असं आहे: वेल नुसती माजते, फुलोऱ्यात गळ होते, मणी धड सेट होत नाहीत आणि वजन भरत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चांगल्या वेली निवडून त्यांची रोपं वाढवली गेली, तेव्हा वाण पुन्हा उभा राहिला. दोरो खोऱ्यात पोर्तसाठी जे पाच काळे वाण 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला निवडले गेले, त्यांतही तोरिगा होती. 2021 मध्ये तर फ्रान्सने बोर्दोच्या वाइनमध्येही तिला मर्यादित प्रवेश दिला, कारण वाढत्या उन्हाळ्यात ती तग धरते.

ग्लासात ती आधी नाकाशी बोलते. व्हायोलेटची फुलं, काळी बेरीवर्गीय फळं आणि बर्गमॉट, म्हणजे अर्ल ग्रे चहाचा डबा उघडल्यावर येतो तो वास. रंग शाईसारखा. तुरटपणा भरपूर, पण पिकलेला, गोलसर. अल्कोहोल बऱ्याचदा 13.5 ते 14.5 टक्के. वाइनची सवय नसलेल्या माणसालाही पहिल्या घोटात 'काहीतरी भारी आहे' असं वाटतं. हेच तिचं बळ आणि, माझ्या मते, थोडी मर्यादाही. नव्या लाकडाच्या पिंपात जास्त मुरवलेली तोरिगा दुसऱ्या ग्लासानंतर अत्तराच्या दुकानात बसल्यासारखी वाटू लागते.

बागाचं सगळं उलटं. तिचा मुलूख बाइरादा, आवेइरू आणि कोइंब्रा यांच्या मधला, अटलांटिकच्या वाऱ्याचा. 'बार्रो' म्हणजे चिकणमाती, त्यावरून प्रांताचं नाव पडलं असं सांगतात. माती आणि चुनखडी असलेली ही जमीन. वाण उशिरा पिकतो आणि इथला पाऊस लवकर येतो, सगळं दुखणं इथेच आहे. सप्टेंबरअखेर पाऊस लागला की घट्ट घडांत कुज शिरते. म्हणून शेतकरी घाबरून लवकर तोडणी करतो, आणि मग वाइन आंबट, कच्ची, जीभ ओढून धरणारी होते. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंडाचं जे होतं, तेच. बागाची जी बदनामी आहे, ती अशाच बाटल्यांनी केलेली.

इतिहासानेही तिला फार सांभाळलं नाही. 1756 मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किस ऑफ पोंबाल याने दोरोची हद्द आखली आणि पोर्तमध्ये भेसळ होऊ नये म्हणून बाइरादातल्या वेली उपटायला लावल्या. बाइरादाला स्वतःची अधिकृत हद्द मिळायला 1979 उजाडलं. दांवला ती 1908 मध्येच मिळाली होती. मधल्या काळात बागाची द्राक्षं मातेउस रोझे या गुलाबी वाइनच्या चपट्या बाटल्यांत गेली, स्पार्कलिंगमध्ये, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनमध्ये गेली.

चित्र बदलण्यात बाइरादातले वाइन करणारे लुईश पातो यांचा मोठा वाटा. त्यांची पहिली वाइन 1980 ची. त्यांनी देठ काढून द्राक्षं आंबवायला सुरुवात केली, आणि एक साधी युक्ती वापरली: ऑगस्टअखेरीस काही घड काढून त्यांची स्पार्कलिंग करायची, उरलेल्यांना वेलीवर पूर्ण पिकू द्यायचं. विरळणीही झाली आणि मालही वाया गेला नाही. आता त्यांची मुलगी फिलिपा पातो हलकी, स्वच्छ बागा करते. पोर्तसाठी प्रसिद्ध असलेल्या नीपूर्ट घराण्याच्या दिर्क यांनी 2012 मध्ये बाइरादात किंता द बायशो हा मळा घेतला आणि कमी अल्कोहोलची, फिकट रंगाची बागा करू लागले. दुसरीकडे किंता दास बाजेइराशसारखी घरं अजूनही देठांसकट आंबवून, जुन्या मोठ्या लाकडी पिंपांत ठेवून, जुन्या वळणाची करतात.

म्हणून दुकानात माझा नियम असा: तोरिगा घेताना लेबलवर वाणाचं नाव पाहिलं तरी पुरतं, बागा घेताना करणाऱ्याचं नाव पाहावं. युरोपीय नियमानुसार लेबलवर एकच वाण लिहिला असेल तर आत किमान 85 टक्के तोच असावा लागतो. मधल्या किमतीची तोरिगा क्वचितच फसवते. बागात मात्र त्याच किमतीच्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. शिवाय लेबलवर नुसतं 'बाइरादा' लिहिलं म्हणजे बागा आहे असं समजू नका. 2003 पासून तिथे काबर्ने, मर्लो, सिराह हे फ्रेंच वाणही चालतात. 'बाइरादा क्लासिको' असेल तर निम्मी तरी बागा असते आणि ती 30 महिने मुरवलेली असते.

मुरण्याचा मुद्दा भारतात जास्त महत्त्वाचा. चांगली बागा दहा-पंधरा वर्षांनी खुलते. तुरटपणा विरघळतो आणि वाळलेली पानं, तंबाखू, देवदाराचं लाकूड असे वास वर येतात. जाणकार तिची तुलना इटलीच्या नेबियोलो वाणाशी करतात ती याच टप्प्यावर. पण पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कपाटावर ठेवलेली बाटली दहा एप्रिल-मे सोसून मुरत नाही, शिजते. वाइनचा फ्रिज नसेल तर ताजी, जड बागा आणून 'ठेवू नंतर' म्हणण्यात अर्थ नाही. अशा वेळी दोन वाटा आहेत. एक, मुळातच मुरलेली घ्या. काव्हेश साओ जोआओसारखी घरं जुन्या सालांच्या बाटल्या तळघरातून काढून विकतात. दुसरी, फिलिपा किंवा नीपूर्ट यांच्या धर्तीची हलकी बागा घ्या, जी याच वर्षी पिता येते. तोरिगाला ही अडचण कमी. ती तीन-चार वर्षांची असतानाच खुशीत असते.

जेवणात मात्र माझं मत स्पष्टपणे बागाकडे झुकतं. बाइरादातल्या मेयाल्यादाला लेइतांव, म्हणजे भट्टीत भाजलेलं कोवळं डुक्कर, खायला लोक लांबून येतात. बागाचा आंबटपणा त्याची चरबी कापून काढतो. गोव्याच्या सोरपोतेलात व्हिनेगर असतं, तिथे तोरिगा पुचाट पडते आणि बागा टिकते. विंदालूचं नावच पोर्तुगीज 'वाइन आणि लसूण' यांवरून आलेलं, पण त्यातल्या मिरचीला जपून राहा. तिखटाने तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही टोचू लागतात. तांबड्या रश्श्याबरोबर या दोन्ही बाटल्या बंदच ठेवा. निखाऱ्यावरचं मटण, काळी मिरी लावलेलं, असेल तर तोरिगा काढा.

दोन्हींचा मोह सुटत नसेल, तर बुसाको राजवाड्याच्या हॉटेलची तांबडी वाइन शोधा. ते हॉटेल दोन प्रांतांच्या मधल्या डोंगरावर आहे, आणि त्यांची तांबडी परंपरेने बाइरादाची बागा व दांवची तोरिगा मिसळून होते. सहज मिळत नाही आणि स्वस्तही नाही. जाता जाता, याच डोंगरावर सप्टेंबर 1810 मध्ये वेलिंग्टनने फ्रेंचांना अडवलं. सात वर्षांपूर्वी, 1803 च्या सप्टेंबरात, तो आर्थर वेलस्ली या नावाने असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढला होता.

बाटली घरी आली की विमानप्रवासानंतर दोन आठवडे आडवी ठेवून द्या. 'रूम टेंपरेचर' हा शब्द युरोपातल्या थंड खोल्यांचा आहे, आपल्या 30 अंशांचा नाही. उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवून 16-17 अंशांच्या आसपास आणा. बागा तरुण असेल तर जगमध्ये ओतून तासभर हवा खाऊ द्या. तोरिगाला ग्लासातच दहा मिनिटं पुरतात.