थर्टी पर्सेंट रूलिंग आणि विम्याचा हिशोब: आइंडहोवनमधल्या एका सल्लागार बाईंकडचा अनुभव

फेब्रुवारी २०२५ मध्ये आम्ही चिंचवडहून नेदरलँड्सला आलो. नोकरी माझी. नवरा आणि सहा वर्षांची लेक माझ्या व्हिसावर. मे महिन्यात हेरलेनच्या टॅक्स ऑफिसचं पत्र आलं की थर्टी पर्सेंट रूलिंग, म्हणजे परदेशातून नोकरीसाठी आलेल्यांची करसवलत, मंजूर. पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त, तोही पाच वर्षं. रुजू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत अर्ज गेला होता, त्यामुळे मागच्या महिन्यांचा फरकही खात्यात आला. त्याच आठवड्यात लेकीला लाल सायकल घेतली. मनात कसलीच शंका नव्हती.

विम्याचं काय, हा प्रश्न खरं तर मागेच राहिला होता. निघण्याआधी पुण्यातल्या एका एजंटने घाई केली होती: "मॅडम, एकदा एनआरआय झालात की पॉलिसी मिळणार नाही, आत्ताच सही करा." ते खरं नाही. अनिवासी भारतीयांना भारतात आयुर्विमा घेता येतो. मी सही केली नाही, पण नेमकं काय घ्यायचं हेही ठरवलं नाही. शेवटी ऑफिसातल्या एका मराठी सहकारी ताईंनी या सल्लागार बाईंकडे पाठवलं. त्या एकट्याच काम करतात, सध्या नवीन लोक घेत नाहीत आणि नाव कुठे टाकू नका म्हणाल्या, म्हणून नाव देत नाही. पण त्यांनी काम कसं केलं ते लिहायलाच हवं, कारण अशीच सेवा दुसऱ्या कुणाकडून घेताना काय मागायचं ते यातून कळेल.

आधी पैशांचं सांगते. दोन बैठका आणि लेखी अहवाल मिळून साडेचारशे युरो, आधी ठरवून. आपल्याकडच्या सवयीने मला हे जड गेलं. विम्याच्या सल्ल्याला कोण पैसे देतं? पण नेदरलँड्समध्ये आयुर्विमा, अपंगत्व विमा, गृहकर्ज अशा गोष्टींवर सल्लागाराने कंपनीकडून कमिशन घ्यायला २०१३ पासून बंदी आहे. ग्राहकानेच फी द्यायची. त्यामुळे दीड तासात एकदाही कुठली पॉलिसी माझ्यासमोर सरकवली गेली नाही. "हे तुम्हाला नको" हे वाक्य मी एखाद्या विमावाल्या माणसाकडून पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी पहिल्यांदा पगाराची स्लिप मागितली. मी पॉलिसींची फाइल घेऊन गेले होते, ती बाजूला ठेवली. स्लिपवर एक ओळ असते, 'लोन एसव्ही'. सामाजिक विम्याच्या हिशोबात जो पगार धरला जातो तो आकडा. बाईंनी पेन्सिलीने त्याभोवती गोल काढला आणि विचारलं, "हा आकडा तुमच्या करारातल्या पगारापेक्षा लहान का आहे, माहीत आहे?" मी चार महिने ती स्लिप उघडत होते, पण माझी नजर कायम तळाच्या हातात येणाऱ्या रकमेवर.

उदाहरणाला त्यांनी ७५,००० युरोचा पगार घेतला. त्यातले ३० टक्के, म्हणजे २२,५०० युरो, करमुक्त भत्ता. उरले ५२,५००. कर या ५२,५०० वर लागतो, ही आनंदाची बाजू. पण नोकरी गेली किंवा आजारपणाने काम करता आलं नाही तर सरकारी मदत मोजतात तीही या ५२,५०० वरच. इथे माणूस आजारी पडला तर दोन वर्षं कंपनीने किमान ७० टक्के पगार द्यायचा असा कायदा आहे. त्यानंतर डब्ल्यूआयए नावाची अपंगत्वाची योजना लागू होते. काम पूर्ण थांबलं आणि ७० टक्के धरले तर वर्षाला ३६,७५० युरो. रूलिंग नसतं तर तेच ७५,००० च्या ७० टक्के, म्हणजे ५२,५०० च्या आसपास. कर वाचवणारी सवलतच संकटाच्या वेळी मिळणारी मदत लहान करते. आमच्या घरात कमावणारी मी एकटी. ते गणित कागदावर उतरताना पाहिलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

पण घाबरवून काहीतरी विकण्याऐवजी बाईंनी एचआरला पाठवायचा तीन ओळींचा मेल लिहून दिला. पेन्शन पूर्ण पगारावर धरता की भत्ता वजा करून? कंपनीचा सामूहिक अपंगत्व विमा आहे का, आणि तो कुठल्या पगारावर? नोकरीत असताना मृत्यू झाला तर जोडीदाराला काय मिळतं? उत्तर यायला तीन आठवडे लागले. पेन्शन पूर्ण पगारावर निघालं, फार बरं वाटलं. जोडीदाराचं पेन्शनही त्यालाच जोडलेलं. अपंगत्वाचा सामूहिक विमा मात्र लहान आकड्यावर. खिंडार नेमकं कुठे आहे ते कळलं, आणि तेवढंच बुजवायचं ठरलं.

आयुर्विम्याचं त्यांनी फार चांगलं समजावलं. माझ्याकडे भारतातला दीड कोटींचा टर्म प्लॅन आहे. बाईंनी विचारलं, "तुम्ही गेलात तर पुढची दोन वर्षं तुमचा नवरा कुठल्या देशात राहील?" असा प्रश्न मला आजवर कुणी केला नव्हता. शंभर रुपयांना युरो धरला तर दीड कोटी म्हणजे दीड लाख युरो. लेकीची शाळा इथेच संपवायची तर भाडं आणि खर्च युरोत. चिंचवडला परतले तर तीच रक्कम कितीतरी जास्त पुरते. घरी आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत यावर बोललो, आणि माझं काही झालं तर त्या दोघांनी परत जायचं असं ठरलं. म्हणून इथला मोठा विमा घेतला नाही, छोटा घेतला. भारतातल्या कंपनीला परदेशी राहण्याचं लेखी कळवून, संरक्षण चालू असल्याचं उत्तर मेलवर मागवून घेतलं. हे प्रत्येकाने करावं.

पॉलिसी परवडते का हे त्यांनी आजच्या पगारावर तपासलं नाही. २०२७ पासून ही सवलत २७ टक्क्यांवर येणार आहे आणि २०३० मध्ये आमची संपणार. त्या वर्षाचा हातात येणारा पगार काढून, त्यातून हप्ते जमतील का ते पाहिलं.

आरोग्य विम्यावर जास्त वेळ गेला नाही, तो इथे सक्तीचाच आहे. आल्यापासून चार महिन्यांत घ्यायचा. आम्ही तिसऱ्या महिन्यात घेतला, तर पहिल्या दिवसापासूनचे हप्ते एकदम भरावे लागले. हे बाईंकडे आधी गेलो असतो तर कळलं असतं. १८ वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना वर्षाला उपचारांचे पहिले ३८५ युरो स्वतःचे, फॅमिली डॉक्टरकडे जाणं मात्र त्यातून वगळलेलं. मोठ्यांचे दात मूळ विम्यात जवळजवळ नाहीतच, तेव्हा येण्याआधी दाताची कामं पुण्यात उरकून घ्या.

एक विमा त्यांनी आग्रहाने घ्यायला लावला, दायित्वाचा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. महिन्याला काही युरो. १४ वर्षांखालच्या मुलाने कुणाचं नुकसान केलं तर इथल्या कायद्याने आईवडील जबाबदार. ऑगस्टमध्ये त्या लाल सायकलचं हँडल शेजारच्या काकांच्या गाडीला दारापासून मागच्या चाकापर्यंत ओरखडा काढत गेलं. लेक रडत घरी आली. फोटो पाठवले, अर्ज भरला आणि रंगाचं बिल विमा कंपनीने दिलं. काकांशी संबंध बिघडले नाहीत, याचं मोल मला पैशांपेक्षा जास्त वाटतं.

आता जिथे ही सेवा कमी पडली ते. भारतातलं त्यांना काहीच कळत नाही. बाबांनी माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी काढलेल्या एलआयसीच्या दोन पॉलिसी टेबलावर ठेवल्या तर त्यांनी सरळ सांगितलं, "हे मला वाचता येणार नाही." प्रामाणिकपणा आवडला. पण या पॉलिसींची सरेंडर व्हॅल्यू (आज मोडल्या तर मिळणारी रक्कम) इथल्या 'बॉक्स ३' मध्ये, म्हणजे संपत्तीच्या हिशोबात, दाखवावी लागते हे मात्र त्यांनीच सांगितलं. पूर्वी रूलिंगवाल्यांना परदेशातली गुंतवणूक त्यातून वगळता यायची. २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांना ती मुभा नाही. १ जानेवारीला जे शिल्लक असेल ते मोजतात, एफडी आणि म्युच्युअल फंडांसकट. २०२५ साठी माणशी ५७,६८४ युरोपर्यंत सूट होती. ती सरेंडर व्हॅल्यू शाखेतून लिहून आणायला बाबांना दोन फेऱ्या पडल्या. भारतातला कुटुंबाचा आरोग्य विमा ठेवायचा की नाही, तेही आम्हालाच ठरवावं लागलं. ठेवला, कारण परत गेल्यावर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा पुन्हा नको. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे.

अहवाल डच भाषेत आला, तेही खटकलं. बैठका इंग्रजीत आणि कागद डचमध्ये, हे फी ठरवतानाच विचारायला हवं होतं. मागितल्यावर दोन पानांचा इंग्रजी सारांश मिळाला.

माझ्याकडून पाचपैकी चार. चिंचवडचा एक जुना सहकारी जूनमध्ये इकडे येतोय. पेन्सिलीचा गोल असलेल्या स्लिपचा, आकडे झाकून, फोटो मी त्याला पाठवला होता. ऑफर लेटरवर सही करण्याआधी त्याने तोच तीन ओळींचा मेल एचआरला टाकला आहे, उत्तराची वाट बघतोय.