मारुती झेनमध्ये एस्टीमचे 1.3 लिटर इंजिन: एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती झेनमधील 993 सीसीचे इंजिन उतरवून त्या जागी मारुतीच्याच एस्टीम या सेदानचे 1298 सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने इंधन देणारे) इंजिन बसवल्याला आता एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटला आहे. ही गाडी मी फक्त मातीच्या बंदिस्त ट्रॅकवर ऑटोक्रॉससाठी, म्हणजे वेळ मोजून होणाऱ्या शर्यतींसाठी, वापरतो आणि तिथपर्यंत ती ट्रेलरवरूनच नेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले आहे. रस्त्यावरच्या गाडीत असे इंजिन बसवू पाहणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

दोन्ही इंजिने सुझुकीच्या जी मालिकेतली. झेनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 72 मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनच्या चालीची लांबी) 61 मिमी, तर एस्टीमचा बोअर 74 मिमी आणि स्ट्रोक 75.5 मिमी आहे, म्हणजे वाढलेल्या 305 सीसीपैकी बहुतांश वाटा लांबलेल्या स्ट्रोकचा आहे. अश्वशक्ती 50 वरून 85 वर गेली, हाच आकडा सगळे आधी विचारतात. परंतु माझ्या मते या बदलाचे खरे मोल इंजिनाच्या मधल्या फेऱ्यांतील (मध्यम आरपीएमवरील) ओढीत आहे. मूळ इंजिन फेरे चढल्याखेरीज जोर देत नसे, त्यामुळे मोकळ्या मातीतील आखूड वळणात पहिल्या गिअरवर उतरावे लागे आणि त्या झटक्याने पुढची चाके जागीच फिरत. आता तेच वळण दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत पार होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात आणि बाहेर पडताना गाडी सरळ रेषेत ओढ घेते. झेन ही एस्टीमपेक्षा शंभरएक किलोने हलकी असल्यामुळे हा फरक पहिल्याच फेरीत जाणवतो.

बसवण्याचे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात झाले. गिअरबॉक्सही एस्टीमचाच घेतला आणि इंजिन गाडीला धरून ठेवणाऱ्या माउंटिंगच्या पट्ट्या नव्याने तयार करून घेतल्या. सर्वाधिक वेळ वायरिंगमध्ये गेला, कारण कार्ब्युरेटरच्या गाडीत ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक), सेन्सर आणि इंजेक्टर यांची जोडणी मुळातूनच करावी लागते. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्लच प्लेट बदलून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

उणिवाही आहेत. एप्रिल-मे महिन्यांत लागोपाठ फेऱ्या मारल्यावर झेनचा मूळ रेडिएटर अपुरा पडू लागला. मोठा रेडिएटर आणि स्वतंत्र स्विचवर चालणारा पंखा बसवल्यावरच तापमान स्थिरावले. पुढचा एक रबर माउंट उन्हाळ्यातच फाटला, त्यामुळे आता प्रत्येक स्पर्धेनंतर माउंट तपासतो. नाकावरचे वजन वाढल्याने वेगात वळताना गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. पुढच्या स्प्रिंग कडक केल्यावर ते कमी झाले, पण पूर्णपणे गेलेले नाही. ब्रेक मात्र पहिल्या दिवसापासून एस्टीमचेच आहेत आणि त्याबाबत तडजोड करू नये.

ज्यांच्याकडे एमपीएफआय झेन आहे, त्यांना टाकीतला विजेवर चालणारा पंप आणि इंजेक्शनची इंधनवाहिनी आधीच मिळालेली असते, त्यामुळे त्यांचे काम याहून बरेच सोपे होईल.